नऊ-तीनवरचा माणूस

एल्सबी गावातल्या चॅनेल नऊ या टीव्ही स्टेशनच्या इमारतीत तळघराच्या जिन्याला लागून एक खोली होती. पूर्वी तिच्यात झाडू, बादल्या आणि नाताळच्या सजावटीची खोकी ठेवत. आता तिच्यात एक खुर्ची, भिंतीला ठोकलेला एक कॅमेरा आणि संध्याकाळी साडेपाच वाजता रोलंड टॉर्गरसन असे. बादल्या काढल्या होत्या, पण फिनेलचा वास काही गेला नव्हता.

रोलंड टॉर्गरसन म्हणजे साधा माणूस नव्हे. उत्तर मिनेसोटातल्या त्या सगळ्या सपाट मुलखाला सहाच्या बातम्या तोच सांगत आला होता. लोकांची पोरं त्याच्यासमोर पाळण्यातून उतरली, कॉलेजात गेली, लग्नं करून मोकळी झाली, आणि सहाला तोच. रुपेरी केस, हनुवटीला खळी आणि वादळाची बातमीसुद्धा दिलासा दिल्यासारखी देणारा आवाज. लोकांना तो फार आवडायचा. त्याला लोक अजिबात आवडायचे नाहीत. बीटाच्या शेतांवर चर्चा करणारे, हवामानावर जगणारे, कुणाच्याही तोंडावर कधी खरं न बोलणारे हे लोक त्याला मनापासून कंटाळवाणे वाटत, आणि ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कृपेने कुणाला कळली नव्हती.

त्याला खाली आणलं कर्टिस पेलने. हा नवा मॅनेजर वसंतात ॲरिझोनाहून आला होता. वय चौतिशीचं, पायांत मोज्यांशिवाय बूट. मिनेसोटात मोज्यांशिवाय बूट घालणाऱ्या माणसाकडून अकलेची अपेक्षा ठेवू नये, हे रोलंडने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कर्टिस लास वेगासला टीव्हीवाल्यांच्या मेळाव्याला गेला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. तळहाताएवढी काळी डबी, तिला ओढून लांब करायची बारीक अँटेना.

"मोबाइल टीव्ही!" भर बैठकीत डबी उंच धरून तो म्हणाला. "चालत्या गाडीत, बोटीत, शेतात, कुठेही नऊ नंबर! नेट नको, बिल नको. आपण हवेत जे सोडतो तो एक पाइप समजा. त्याच पाइपातून थोडं पाणी याच्यासाठी वेगळं काढायचं. झालं!"

"माझ्या बापाच्या टीव्हीला अशीच सशाच्या कानांसारखी अँटेना होती," रोलंड म्हणाला. "फक्त तो टीव्ही बोटीत न्यायचा वेडेपणा त्याने केला नाही."

सगळे हसले. कर्टिसही हसला, आणि हसणारे मॅनेजर काही विसरत नाहीत. पंधरवड्याने त्याने रोलंडला केबिनमध्ये बोलावलं.

"रोलंड, तुला बढती देतोय."

"सहाची खुर्ची आहे माझी. त्याच्यावर काय देणार, छप्पर?"

"सहाला टेसा बसेल. तरुण आहे, लोकांना नवा चेहरा हवाय. तू आपल्या मोबाइलचा चेहरा. 'खिशातलं नऊ'! रोज साडेपाचला खास मोबाइलवाल्यांसाठी बातमीपत्र, फक्त तू. अरे, तू लोकांच्या खिशात जाणार!"

"माझ्या खिशात रुमाल असतो, कर्टिस. तो कशासाठी असतो माहीत आहे ना?"

"डिसेंबरअखेर तुझा करार संपतो," कर्टिस तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "खिशातलं चाललं, तर जानेवारीत सहाची खुर्ची परत तुझी. शब्द देतो. नाही चाललं, तर बघू."

रोलंड अठ्ठावन्न वर्षांचा होता. बायको, मार्लिस, ॲरिझोनात उन्हाला निघून गेली होती, थंडीत सगळं जग तिकडे जातं, आणि हा कर्टिस उलटा तिथून इकडे आला होता. दुसरं कुठलंही स्टेशन अठ्ठावन्न वर्षांचा चेहरा विकत घेत नाही. ती सहाची खुर्ची परत मिळवायची, एवढी एकच गोष्ट आता त्याला हवी होती. म्हणून तो मुकाट्याने बादल्यांच्या खोलीत गेला.

गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती डबी काचेच्या कपाटात आली आणि तिथेच राहिली. कुणी घेईना. फोनवर सगळं दिसत असताना सशाचे कान ओढत कोण बसेल? कर्टिसने स्वतःची डबी टेबलाच्या खणात टाकली, ती तिथेच चार्जिंगविना मेली. रोलंडलाही एक दिली होती. तळघरात तिला सिग्नलच मिळत नसे. म्हणजे जिथून तो कार्यक्रम निघायचा, तिथेच तो दिसायचा नाही. एवढं बुद्धिमान यंत्र रोलंडने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास, ऑक्टोबरात, ड्वेन हृबी त्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ड्वेन हा स्टेशनचा इंजिनिअर, टॉवर सांभाळणारा. उंच, सावकाश, एक वाक्य बोलायला गाई दोहायला लागतो तेवढा वेळ घेणारा.

डिजिटल झाल्यापासून चॅनेल नऊच्या पोटात तीन वाहिन्या होत्या. नऊ-एक ही खरी. नऊ-दोनवर जुन्या घोडेस्वारांच्या मालिका. नऊ-तीनवर दिवसरात्र खोट्या हिऱ्यांच्या अंगठ्या विकणारी एक बाई. या दोन आणि तीनला रोलंड मोरी म्हणत असे. केबलवर त्या नव्हत्याच. छपरावर अँटेना असलेल्यांनाच त्या दिसत, म्हणजे दूरची शेतं, वृद्धाश्रम आणि चर्चचं तळघर. त्या लोकांचं काय व्हायचं असेल ते होवो.

"रोलंड," ड्वेन म्हणाला, "ते अंगठ्यावाले करार मोडून गेले."

"बरं झालं. हिरे संपले असतील."

"तीनवर काळा पडदा ठेवला की म्हातारे फोन करून जीव खातात. टीव्ही बिघडला म्हणतात. म्हणून मी तात्पुरतं..."

"ड्वेन, एकबद्दल काही असेल तर बोल. दोन आणि तीन ही तुझी मोरी आहे. तुझं तू बघ."

"मी कर्टिसला मेल टाकलाय. पण म्हटलं, तुलाही..."

"तुझं तू बघ, म्हटलं ना."

"बरं," ड्वेन म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. त्या मुलखात 'पुरे' म्हटल्यावर दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही. तिथे तो उद्धटपणा समजला जातो. आणि कर्टिस चित्र नसलेली मेल वाचत नसे.

सुरुवातीला रोलंडने बातम्या रीतसर वाचल्या. टाय बांधून, कागद सारखे करून. नगरपालिकेची बैठक, बीटाचा भाव, हॉकीचा निकाल. मग एके दिवशी वाचता वाचता त्याला स्वतःचाच भयंकर कंटाळा आला. कॅमेऱ्याच्या काचेत बघून तो म्हणाला, "हे पाहणाऱ्या माणसा, तू ही डबी विकत घेतली असशील तर तू गाढव आहेस. आणि घेतली नसशील तर मी कुणाशी बोलतोय?"

मग तो वाट बघत बसला. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी काही बोललं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने नेहमीसारखी मान हलवली, थोडी जास्तच हळुवारपणे, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. त्याची खात्री पटली. खिशातलं नऊ कुणाच्याही खिशात नव्हतं. तो एका बंद खोलीत भिंतीशी बोलत होता.

मग मात्र त्याने भिंतीला सोडलं नाही.

"आज बटाटा-राणीची निवड झाली," एके संध्याकाळी तो म्हणाला. "निवड झाली म्हणजे बापाचं शेत सगळ्यांत मोठं असलेल्या मुलीच्या डोक्यावर पत्र्याचा मुकुट ठेवला. पास्टर ओडेगार्डने आशीर्वाद दिले. पास्टर ओडेगार्डचं प्रवचन ऐकताना मेलेलीसुद्धा परत एकदा मरतील. शाळेच्या बोर्डाने नवा दिवा बसवायचं ठरवायला तीन बैठका घेतल्या. या लोकांना खड्ड्यात ढकललं तरी ढकलणाऱ्याला 'आभारी आहे, त्रास नको' म्हणतील. आणि आमचा मॅनेजर मोजे घालत नाही. पायाचा वास डोक्यापर्यंत जायला वाट मोकळी राहावी म्हणून असेल."

कित्येक वर्षं तोंडात कोंडलेलं सगळं बाहेर पडत होतं. रोलंडला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. दिवसभर तो साडेपाचची वाट बघू लागला. सहाची खुर्ची हवी होती ती होतीच. पण खुर्ची मिळेपर्यंत ही एक चैन होती.

नोव्हेंबर लागला आणि दारात हॉटडिश येऊ लागल्या.

पहिली आणली अर्डिस लुंडीनने. अर्डिस ऐंशीच्या घरातली, हॅरल्डची विधवा, रस्त्याच्या पलीकडे राहणारी. लहानपणी रविवारच्या शाळेत तिने रोलंडला बायबलच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि रोली म्हणून त्याला हाक मारणारी ती आता एकटीच उरली होती. हातात फॉइलने झाकलेलं काचेचं भांडं. आत खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप, आणि वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर तिचं नाव.

"एकटाच असतोस ना रे, रोली," ती म्हणाली. "म्हटलं, दोन घास बरे खाईल."

"कशाला त्रास घेतलात, मिसेस लुंडीन?"

"त्रास कसला. गरम करून खा. आणि झोप नीट येते ना?"

"येते की."

"बरं," अर्डिस म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघून गेली.

त्यानंतर रांगच लागली. बीटवाल्या सोरेनसनची बायको, ग्रंथालयातली बाई, वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण. सगळ्यांच्या हातात काच, फॉइल, चिकटपट्टी. रोलंडने अर्थ लावला तो सरळ होता. सहाला तो दिसेनासा झाला म्हणून हे बापडे हवालदिल झाले होते. टेसा त्यांना पचत नव्हती. हे ऐकून कर्टिस काय म्हणेल, असा विचार करत त्याने पहिल्या भांड्यातले बटाटे खाल्ले आणि साडेपाचला भिंतीला सगळं सांगितलं.

"अर्डिस लुंडीनने आज मला जेवण दिलं. हॅरल्ड गेल्यापासून या बाईला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसल्याशिवाय चैन पडत नाही. हॅरल्ड सुटला. आता ती आम्हाला मीठ घालून मारणार. आणि सोरेनसनबाईंना कुणीतरी सांगा, वाटाणे हे गुरांचं खाणं आहे."

पुढच्या आठवड्यात सोरेनसनबाईंच्या भांड्यात वाटाणे नव्हते. "अर्डिसचं मीठ आज चिमूटभर कमी आहे," रोलंडने भिंतीला कळवलं. "बाई शिकतेय. उशीर झाला, पण शिकतेय." त्याला यात काही विशेष वाटलं नाही. चांगल्या माणसाची सेवा करता करता बायका सुधारतात, असं त्याला वाटलं. रिकामी भांडी त्याने फ्रिजवर रचत नेली. परत द्यायची तसदी घेतली नाही. तिथली पद्धत अशी, की भांडं धुऊन, शक्य तर त्यात काहीतरी घालून, चार दिवसांत परत जातं. रोलंडच्या फ्रिजवर बघता बघता काचेचा मनोरा झाला.

डिसेंबरात चर्चचं लुटफिस्कचं जेवण आलं. सुका मासा क्षाराच्या पाण्यात फुगवून थरथरता करायचा, लोण्यात बुडवून गिळायचा, आणि पूर्वजांच्या नावाने छान म्हणायचं. सगळा तालुका लोटतो. दरवर्षी चॅनेल नऊचा सहाच्या बातम्यांचा माणूस तिथे पाहुणा असे. यंदा आमंत्रण टेसाला होतं. पण अर्डिस स्वतः रोलंडकडे आली.

"तू ये. तू आलास की सगळ्यांना बरं वाटेल."

रोलंडला हेच हवं होतं. टेसाच्या शेजारी आपण उभे राहिलो की लोक कुणाकडे वळतात, ते कर्टिसच्या कानावर जायला वेळ लागणार नव्हता. त्याने नवा कोट घातला.

चर्चच्या तळघरात शिरताच गलका थांबला. मग सगळे एकदम हसले, तेही आजाऱ्याच्या खोलीत शिरताना हसतात तसे. कुणीतरी त्याचा कोट काढून घेतला, बाही अडकू नये म्हणून हात धरून. सोरेनसन मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "रोलंड! मी! सोरेनसन! बीट!"

"माहीत आहे," रोलंड म्हणाला. "चाळीस वर्षं माहीत आहे."

"शाब्बास!" सोरेनसन म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुणी टेसाकडे बघत नव्हतं. बघत होते सगळे रोलंडकडेच, आणि कुणीतरी त्याच्या ताटातल्या माशाचे बारीक तुकडे करून दिले. मग पास्टर ओडेगार्ड उभा राहिला. नेहमी तो प्रार्थना लांबवायचा. आज आटोपशीर होता.

"प्रभो, या अन्नाबद्दल आभार. आणि आमच्या रोलंडला सांभाळ. त्याच्या मनावर जो अंधार उतरला आहे तो दूर कर. तो जे बोलतो ते तो नाही, हे आम्ही जाणतो. आमेन."

"आमेन," सगळं तळघर म्हणालं, रोजच म्हणत असल्यासारखं एका सुरात.

रोलंडचा काटा हवेतच राहिला. त्याने शेजारी बसलेल्या अर्डिसकडे बघितलं.

"मी काय बोलतो?"

अर्डिसने रुमालाने ओठ टिपले. कोपऱ्यात शेल्फवर एक जुना टीव्ही होता. तिने त्याच्याकडे मान केली.

"आम्ही रोज लावतो ना, रोली. साडेपाचला, कॉफीच्या वेळी. तीनवर. पूर्वी ती अंगठ्यांची बाई असायची, आता तू असतोस. पहिले काही दिवस ड्वेनने चुकून लावलं असेल वाटलं. मग तू गाढव म्हणालास, तेव्हा कळलं की बरं नाही तुला."

रोलंडने तळघरभर नजर फिरवली. बटाटा-राणी समोरच्या टेबलावर बसली होती, बापासह. पास्टर लोणी वाढत होता. वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण हात जोडून त्याच्याकडे बघत होती. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. रोज ऐकलं होतं, आणि नंतर घरी जाऊन त्याच्यासाठी बटाटे तळले होते.

"मी आजारी नाही, मिसेस लुंडीन," तो म्हणाला.

अर्डिसने त्याचा हात थोपटला. "हॅरल्डही असंच म्हणायचा."

ते रागावले असते तर रोलंडला झेपलं असतं. कुणी ओरडलं असतं, कुणी मासा फेकून मारला असता, तर तो मान ताठ करून बाहेर गेला असता. पण ते दया करत होते. ज्यांना तो आयुष्यभर तुच्छ समजत आला, त्यांनी त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं, आणि त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. एवढा अपमान त्याचा कुणी कधी केला नव्हता. थरथरणारा मासा त्याने गिळला आणि "छान आहे" म्हणाला.

सोमवारी कर्टिसने दार लावून घेतलं. ड्वेनची मेल त्याने आत्ता वाचली होती आणि तो आनंदाने फुलला होता.

"अरे, रिसेप्शनला किती दिवस फोन येतायत! 'रोलंड कसा आहे, रोलंड कसा आहे.' तिला वाटलं तू रिटायर होतोयस म्हणून विचारतात! नऊ-तीनला एवढी माणसं कधीच नव्हती!"

"मोजे घालायचं तेवढं बघ," रोलंड म्हणाला.

"ऐकलं मी ते. ड्वेनकडे सगळं रेकॉर्ड आहे." कर्टिस पुढे झुकला. "आता दोन रस्ते आहेत. एक, तू आजारी होतास. डॉक्टर, विश्रांती, आता बरा आहेस. सहाला बस, कॅमेऱ्यात बघून सांग, लोक रडतील, आणि खुर्ची तुझी. टेसाला मी सकाळच्या बातम्या देतो. दुसरा रस्ता, तू शुद्धीवर होतास. मग तू सगळ्या तालुक्याला शिव्या घातल्यास. मग वकील, आणि ते दार."

"आजार कोणता?"

"तू ठरव. डोक्याचा असू दे. पण लाज वाटेल असा नको, जाहिरातदार असतात."

"आणि खिशातलं नऊ?"

"ते?" कर्टिसने हात झटकला. "ते बंद. पुढच्या वर्षी दुसरंच काहीतरी येतंय, त्याहून भारी."

रोलंड घरी गेला आणि फ्रिजवरच्या मनोऱ्याकडे बघत बसला. तो शुद्धीवर होता. आयुष्यात इतका शुद्धीवर तो कधीच नव्हता. त्या खोलीत तो जे बोलला त्यातला शब्दन्‌शब्द त्याला खरा वाटत होता, अजूनही. ते मान्य केलं तर निदान तो रोलंड टॉर्गरसन उरत होता, फक्त त्याला बसायला कुठे जागा नव्हती. मान्य केलं नाही तर खुर्ची होती.  मग उठून टाय निवडू लागला. स्वतःचीच किळस आली, पण निळा टाय त्याला शोभायचा.

सहाला तो कॅमेऱ्यासमोर बसला. दिवे होते, मेकअप होता, फिनेलचा वास नव्हता.

"मित्रहो, गेले काही आठवडे मी आजारी होतो," त्याच जुन्या, वादळातही दिलासा देणाऱ्या आवाजात तो म्हणाला. "त्या आजारात मी बोललो ते माझे शब्द नव्हते. तुमच्या प्रार्थनांनी मी बरा झालो." बरोबर जागी आवाज जरासा कापला. ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कार्डांचा ढीग आला. बटाटा-राणीने स्वतः केलेला केक आणला. सोरेनसन अजूनही सुटे सुटे शब्दच बोलत होता, आणि तो आता आयुष्यभर तसाच बोलणार हे रोलंडला कळलं. यापुढे कधी रोलंडने तोंड उघडून एखादी खरी, कडू गोष्ट सांगितली, तर लोक एकमेकांकडे बघणार आणि स्वयंपाकाला लागणार.

नाताळच्या आधी त्याने सगळी भांडी घासली. काचेवर काच, गाडीच्या मागच्या सीटवर घालून तो दारोदार हिंडला. प्रत्येक दारात "त्रास कशाला घेतलास" आणि "आता कसं वाटतंय". अर्डिसचं भांडं त्याने शेवटी ठेवलं होतं. त्यात त्याने दुकानातल्या साखरेच्या काड्या घातल्या होत्या.

अर्डिसने दार उघडलं, भांडं घेतलं, काड्या बघितल्या.

"आभार मानायला आलो," रोलंड म्हणाला. "तुम्ही नसता तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. आजारी आहे हे तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत, असं पास्टर म्हणाला."

"हो, मीच सांगितलं सगळ्यांना." तिने भांडं उलटं करून चिकटपट्टी जागेवर आहे का ते बघितलं. "रोली, हॅरल्ड किती वर्षं तसा होता. मला शिव्या द्यायचा, वाट्टेल ते बोलायचा. शेवटी त्याला मीठ आणि साखर यातला फरक कळत नव्हता. मिठाचा डबा कॉफीत रिकामा करायचा आणि पिऊन टाकायचा."

"हो," रोलंड म्हणाला.

"तुझ्या हॉटडिशमध्ये मी मीठ चिमूटभर कमी केलं होतं. चिमूटभरच. तेही तुला कळलं, आणि तू टीव्हीवर सांगितलंस."

रोलंडला थंडी एकदम कोटाच्या आत शिरल्यासारखी वाटली. "म्हणजे तुम्हाला..."

"तेव्हाच कळलं."

"मग सगळ्यांना आजारी म्हणून का सांगत राहिलात?"

अर्डिसने भांडं काखेत धरलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रविवारच्या शाळेत चुकलेलं उत्तर ऐकल्यावर असायची तशी, नुसती दमलेली दिसत होती.

"मग काय सांगायचं होतं? तू मुळातच असा आहेस म्हणून? इतकी वर्षं जेवताना तुला समोर बसवून घेतलं रे लोकांनी. माझ्या हॅरल्डने शेवटी बायकोला ओळखलं नाही, पण सहाला तुझा आवाज ओळखायचा. त्यांना मी काय सांगू?"

रोलंडने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि परत ठेवली. 

"जा आता, रस्ता गोठायच्या आत," अर्डिस म्हणाली. "सहाला लावतोच आम्ही तुला. सवय झालीय." आणि तिने हळूच, आवाज न करता, दार लावून घेतलं.